नाव राखण्याची किंमत : जनरल मोटर्सची शंभर वर्षे

१/
जानेवारी १९५३. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीसमोर बंद दाराआड एक सुनावणी चालू होती. नवनिर्वाचित अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संरक्षणमंत्रिपदासाठी चार्ल्स विल्सन यांचे नाव सुचवले होते. विल्सन हे जनरल मोटर्सचे प्रमुख, आणि कंपनीचे मोठ्या किमतीचे समभाग त्यांच्या नावावर होते. देशहितासाठी कंपनीच्या विरोधात जाणारा निर्णय घ्यावा लागला तर तो घ्याल का, असे त्यांना विचारण्यात आले. विल्सन यांनी होकार दिला. मात्र असा प्रसंग आपल्या कल्पनेत येत नाही, असेही ते म्हणाले. कारण जे देशाच्या भल्याचे ते जनरल मोटर्सच्या भल्याचे, आणि उलटपक्षीही तसेच, अशी त्यांची वर्षानुवर्षांची समजूत होती.

२/
बाहेर आलेले वाक्य मात्र उलटे होते : जे जनरल मोटर्सच्या भल्याचे, ते देशाच्या भल्याचे. पुढे सुनावणीचे इतिवृत्त प्रसिद्ध झाले, तरी लोकांच्या तोंडी हे उलटे वाक्यच राहिले. ते खरे वाटावे असा कंपनीचा दबदबाच होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या या एकाच कंपनीच्या असत. १९५५ साली एका वर्षात १ अब्ज डॉलरहून अधिक निव्वळ नफा मिळवणारी ती पहिली अमेरिकी कंपनी ठरली. हे नाव कसे कमावले गेले आणि ते राखण्याच्या धडपडीत कंपनी काय गमावून बसली, याचा हा धागा आहे.

३/
सुरुवात घोडागाडीपासून होते. मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावी विल्यम ड्युरंट यांचा घोडागाड्यांचा मोठा कारखाना होता. १९०४ मध्ये त्यांनी डबघाईला आलेली ब्यूक ही मोटार कंपनी हाती घेऊन नावारूपाला आणली. १६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सीत जनरल मोटर्सची नोंदणी झाली. त्याच शरद ऋतूत हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी बाजारात आली. फोर्ड यांचा विश्वास एकाच गाडीवर होता. ड्युरंट यांचा अनेक कंपन्या एका छत्राखाली आणण्यावर. ओल्ड्समोबिल, ओकलंड, कॅडिलॅक अशा कंपन्या त्यांनी भराभर विकत घेतल्या.

४/
खरेदीचा वेग वाढला, तसे कर्जही वाढले. १९१० मध्ये सावकारी बँकांनी ड्युरंट यांच्या हातून कारभार काढून घेतला. ते स्वस्थ बसले नाहीत. शर्यतपटू लुई शेव्हरोले यांच्यासोबत त्यांनी १९११ मध्ये नवी कंपनी काढली, आणि तिच्या बळावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स पुन्हा ताब्यात घेतली. १९२० च्या मंदीत ती दुसऱ्यांदा आणि कायमची गेली. १९३६ मध्ये ड्युरंट यांनी वैयक्तिक दिवाळखोरी जाहीर केली. उतारवयात ते फ्लिंटमध्येच बोलिंगच्या खेळाचे एक केंद्र चालवत होते. जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचा संस्थापक त्या कंपनीच्याच गावात असा दिवस काढत होता. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

५/
कंपनीला शिस्त लावली ती आल्फ्रेड स्लोन यांनी. १९२३ मध्ये ते प्रमुख झाले. त्यांनी पाच नाममुद्रांची उतरंड रचली : तळाशी शेव्हरोले, शिखरावर कॅडिलॅक, आणि मधल्या पायऱ्यांवर बाकीच्या. ज्याची जशी ऐपत, तशी त्याची गाडी. हप्त्याने गाडी देणारी पतसंस्था कंपनीने १९१९ मध्येच काढली होती. १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रंग आणि आकार यांसाठी स्वतंत्र विभाग निघाला, आणि दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची प्रथा हळूहळू रुळली. त्याच वर्षी, दीड कोटी गाड्या विकून झाल्यावर, फोर्ड यांना मॉडेल टी बंद करावी लागली.

६/
स्लोन यांची खरी चाल गाडीच्या यंत्रापेक्षा मालकाच्या मनाशी निगडित होती. दारात उभी असलेली गाडी पाहून घरमालकाची पायरी ओळखता यावी, ही ती योजना. शेव्हरोलेवाल्याने ब्यूककडे पाहावे आणि ब्यूकवाल्याने कॅडिलॅककडे. पोचवण्याचे साधन विकणारी कंपनी आता प्रतिष्ठाही विकू लागली. प्रतिष्ठा हाच माल झाला की तिच्यावरचा लहानसा डागही धंद्याचे नुकसान वाटू लागतो. पुढील घटना वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

७/
पहिली घटना शिशाची. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून खडखडाट होई आणि शक्ती वाया जाई. चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये त्यावर उपाय शोधला : पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळणे. शिसे विषारी असते, हे वैद्यकाला शतकानुशतके ठाऊक होते. खडखडाट थांबवण्याचा गुण मद्यार्कातही आहे, हे याच प्रयोगशाळेला माहीत होते. परंतु मद्यार्क कोणालाही गाळता येतो. त्याच्यावर एकाधिकार मिळत नाही. नव्या द्रव्याला बाजारात ‘इथिल’ हे सुटसुटीत नाव मिळाले. त्या नावात शिसे कुठेही नव्हते.

८/
१९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून इथिल कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टँडर्ड ऑइलच्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. त्यांपैकी पाच जण दगावले. तेव्हा मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. शिशाच्या विषबाधेमुळे आदल्या वर्षी त्यांना स्वतःलाच काम सोडून फ्लॉरिडात विश्रांती घ्यावी लागली होती. ही गोष्ट त्या दिवशी सांगितली गेली नाही.

९/
१९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. औद्योगिक रोगांच्या जाणकार डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी रस्त्यारस्त्यांवर शिसे पसरवण्याला कडाडून विरोध केला. विक्री काही काळ थांबली. पण बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही, असा समितीचा निष्कर्ष निघाला आणि ती पुन्हा सुरू झाली. धोका नाही हे कंपनीने सिद्ध करायचे की धोका आहे हे इतरांनी, या प्रश्नाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला होता. अमेरिकेतील रस्त्यांवरून शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे हटायला १९९६ साल उजाडले. भारतात ते २००० साली बंद झाले आणि जगातील शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये.

१०/
दुसरी घटना कंपनीच्या स्वतःच्या उंबरठ्याआतली. महामंदीच्या काळात फ्लिंटच्या कारखान्यांत कामाचा पट्टा इतक्या वेगाने धावे की घरी पोचलेल्या कामगाराला घास तोंडाशी नेण्याचेही त्राण उरत नसे. संघटनेचे नाव काढणाऱ्याची नोकरी जाई. कामगारांमध्ये हेर पेरण्यासाठी कंपनी खासगी गुप्तहेर संस्थांवर लाखो डॉलर खर्च करत होती, हे पुढे सिनेटच्या एका समितीच्या चौकशीत उघड झाले. शेजारी काम करणारा आपला सोबती आहे की कंपनीचा कान, हे ओळखता येत नसल्याने माणसे डबा खातानाही गप्प बसत.

११/
३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटच्या फिशर बॉडी कारखान्यांत कामगारांनी यंत्रे थांबवली आणि ते आतच बसले. बाहेर जाऊन संप केला असता तर कंपनीने नवी माणसे आत घेतली असती. आत बसलेल्यांना हुसकावायचे तर कंपनीच्याच यंत्रांवर लाठी चालवावी लागणार होती. ११ जानेवारीच्या थंडीत आतली ऊब बंद करण्यात आली आणि अन्न अडवण्यात आले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्याही झाडल्या. कामगारांनी आगीच्या नळांचे पाणी आणि मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्या यांनी उत्तर दिले. कामगारांच्या घरच्या स्त्रियांनी आपले स्वतंत्र पथक उभारले आणि त्या दरवाजांसमोर उभ्या राहिल्या.

१२/
राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी सैनिक तैनात केले, पण संपकऱ्यांवर सोडले नाहीत. ४४ व्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जनरल मोटर्सने मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली. करार जेमतेम एका पानाचा होता. त्या पानाने अमेरिकी मोटारधंद्याचे चित्र पालटले. १९५० मधील पाच वर्षांच्या कराराने निवृत्तिवेतन आणि आरोग्य विम्याचा लाभ आणला, आणि चांगली नोकरी देणारी कंपनी म्हणून जनरल मोटर्सचा लौकिक झाला. हा लौकिक कामगारांनी कंपनीकडून झगडून मिळवलेला होता. तोही सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. कृष्णवर्णीय कामगारांना दीर्घकाळ भट्टीखाते आणि झाडलोट यांपलीकडे फारसे काही मिळत नसे.

१३/
याच दशकात कंपनीचा दुसरा पाय जर्मनीत होता. १९२९ मध्ये तिने ओपेल या जर्मन कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि १९३१ पर्यंत ती पूर्णपणे आपलीशी केली. ओपेलचे ब्लिट्झ ट्रक पुढे जर्मन सैन्याने सर्रास वापरले. कंपनीचे परदेशी व्यवहार पाहणारे जेम्स मूनी यांना १९३८ मध्ये नाझी सरकारचा सन्मान मिळाला. आणि महायुद्धात अमेरिकी सरकारची सर्वांत मोठी पुरवठादार झाली तीही जनरल मोटर्सच. तिने सुमारे १२ अब्ज डॉलरची युद्धसामग्री तयार केली. विल्सन यांनी देशाचे आणि कंपनीचे भले एकच मानले, त्यामागे ही युद्धकाळाची स्मृती होती. ओपेलचे पान त्या स्मृतीत वाचले जात नव्हते.

१४/
तिसरी घटना कॉर्व्हेअर या गाडीची. १९५९ च्या शरदात आलेली ही छोटी शेव्हरोले अमेरिकेत निराळी होती, कारण तिचे इंजिन मागे होते. मागची चाके ज्या पद्धतीने टांगलेली होती तीमुळे जोरात वळताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा संभव असे. पुढच्या बाजूस एक स्थिर राखणारा दांडा बसवला असता तर हा दोष कमी झाला असता. खर्चापायी तो वगळला गेला. त्याऐवजी मालकाने चाकांत हवा विषम ठेवावी, पुढे १५ आणि मागे २६ पौंड, अशी शिफारस करण्यात आली. किती मालक हवा भरताना माहितीपुस्तिका उघडून पाहतात? १९६४ च्या गाडीत तो दांडा आला आणि १९६५ मध्ये रचनाच बदलली. रस्त्यावर आधीच धावत असलेल्या गाड्या तशाच राहिल्या.

१५/
१९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तिशीतल्या वकिलाचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. अपघात म्हटला की दोष चालकाचा, ही तोवरची रीत; नेडर यांनी बोट गाडीच्या रचनेकडे वळवले. या आरोपांना आपल्या अभियंत्यांचे उत्तर देण्याऐवजी कंपनीने गुप्तहेर नेमले. नेडर यांच्या मित्रांना आणि परिचितांना गाठून त्यांचे खासगी आयुष्य, सवयी, राजकीय मते यांची विचारपूस सुरू झाली. तीस वर्षांपूर्वी फ्लिंटमध्ये जे केले तेच. टीका खरी आहे का, हे तपासण्याआधी टीकाकार कोण आहे, हे कंपनी तपासत होती.

१६/
हा प्रकार उजेडात आला. २२ मार्च १९६६ रोजी सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या उपसमितीसमोर कंपनीचे प्रमुख जेम्स रोश यांना जाहीर माफी मागावी लागली. देशातील सर्वांत बलाढ्य कंपनी एका एकट्या वकिलापुढे नमताना लोकांनी पाहिली. सप्टेंबरमध्ये वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि गाड्यांच्या रचनेवर सरकारी मानके लागू झाली. नेडर यांनी खासगीपणाच्या भंगाबद्दल दावा लावला. १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर तडजोड झाली, आणि तो पैसा त्यांच्या ग्राहक चळवळीला उपयोगी पडला.

१७/
येथे इतिहासाने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९७२ मध्ये वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने कॉर्व्हेअरची चाचणी करून अहवाल दिला. वळणावरील वर्तनात १९६० ते १९६३ मधील कॉर्व्हेअर तिच्या काळातील तत्सम गाड्यांहून वाईट नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. नेडर यांना तो मान्य झाला नाही. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. परंतु तोवर कॉर्व्हेअरचे उत्पादन थांबून तीन वर्षे झाली होती. कंपनीने १९६६ मध्ये अशी चाचणी स्वतःहून लोकांसमोर मांडली असती, तर कदाचित गाडीची बाजू ऐकली गेली असती. गुप्तहेर नेमल्यामुळे तिच्या खऱ्या बचावावरही कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते.

१८/
पुढील चार दशकांत जपानी गाड्या आल्या आणि बाजारातील निम्मा वाटा घसरत घसरत एक-पंचमांशाजवळ आला. फ्लिंटमधले कारखाने एकेक करून बंद पडले. नोव्हेंबर २००८ मध्ये सरकारकडे कर्ज मागायला डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानांतून वॉशिंग्टनला उतरले, तेव्हा देशभर त्यांची छी-थू झाली. १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून सरकार कंपनीचे बहुसंख्य भागधारक झाले. चाळीस दिवसांत ‘नवी’ जनरल मोटर्स उभी राहिली, आणि ‘जुन्या’ कंपनीची अनेक देणी मागेच राहिली. विल्सन यांच्या वाक्याला आलेले हे अनपेक्षित फळ.

१९/
मागे राहिलेल्या देण्यांत काय होते, ते २०१४ मध्ये कळले. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा स्वस्त गाड्यांत किल्लीने इंजिन सुरू करण्याचा स्विच सैल होता. कंपनीने स्वतःच ठरवलेल्या मापात तो बसत नव्हता, तरी २००२ मध्ये तो मंजूर झाला. गुच्छ जड असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली मागे सरके. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, ब्रेक कडक होत. सर्वांत भयंकर म्हणजे आदळल्यावर एअरबॅग उघडत नसत. तक्रारी पहिल्यापासून येत होत्या. त्यांची नोंद ग्राहकाच्या ‘सोयी’चा प्रश्न अशी झाली, सुरक्षेचा नव्हे. सोयीच्या खात्यात पडलेल्या दोषासाठी, गाडीमागे एका डॉलरच्या आसपास येणारा खर्चही मंजूर होत नव्हता.

२०/
२००६ मध्ये एका अभियंत्याच्या मंजुरीने स्विचची रचना सुधारली गेली. सुट्या भागाचा क्रमांक मात्र तोच ठेवण्यात आला. त्यामुळे अपघातांची चौकशी करणाऱ्यांना पुढे कळेनाच, की जुन्या गाड्यांत जे घडते ते नव्यांत का घडत नाही. उलगडा झाला तो जॉर्जिया राज्यातील एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी लावलेल्या दाव्यात. त्यांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने दोन वर्षांचे दोन स्विच शेजारी ठेवले, आतील भाग मोजले आणि फरक दाखवला. हजारो अभियंते असलेल्या कंपनीत जे वर्षानुवर्षे कळले नव्हते, ते एका कुटुंबाच्या चिकाटीने कळले.

२१/
फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलावण्यात आल्या. कंपनीने सुरुवातीला १३ मृत्यू मान्य केले होते. तिनेच स्थापलेल्या भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले. चौकशी अहवालाने आतल्या दोन सवयींचे वर्णन केले. बैठकीत सर्वांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, ही एक. हातांची घडी घालून बोटे दोन्हीकडे वळवायची, म्हणजे जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी, ही दुसरी. १५ जणांना कामावरून काढण्यात आले, आणि २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून फौजदारी खटला टाळला.

२२/
सरकारी चौकशीत आणखी एक कागद बाहेर आला. अहवाल कसे लिहावेत, याचे २००८ मध्ये कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले होते आणि त्यात टाळायच्या ६९ शब्दांची व शब्दप्रयोगांची यादी होती. ‘दोष’ लिहायचे नाही. ‘रचनेनुसार काम करत नाही’ असे लिहायचे. ‘समस्या’ नको, ‘बाब’ किंवा ‘स्थिती’ चालेल. १९२० च्या दशकात ‘इथिल’ या नावातून शिसे गाळले होते. आता कंपनीच्या आतल्या टिपणांतूनच दोष गाळला जात होता. उद्देश न्यायालयापासून नाव वाचवण्याचा असेल; पण परिणाम असा, की ज्या वरिष्ठाने ते टिपण वाचायचे त्यालाही धोका दिसू नये. जगापासून लपवण्यासाठी घडवलेल्या भाषेने कंपनीचेच डोळे बांधले.

२३/
या इतिहासाची एक वाट महाराष्ट्रात येते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला. पेट्यांतून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३ मध्ये धोरण ठरवले, की नुसती जुळणी न करता भाग येथे तयार करणाऱ्यांनीच राहावे. त्यानंतर कंपनीने गाशा गुंडाळला. नव्वदच्या दशकात ती गुजरातेतील हालोलमार्गे परतली आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही. हजाराहून अधिक कामगारांचा वाद न्यायालयात गेला. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फ्लिंटने जे पाहिले होते, त्याचा एक लहान अंश मावळातही पाहिला गेला.

२४/
जनरल मोटर्स दुष्ट होती, असा निकाल देऊन हा इतिहास संपवता येत नाही. हातदांडा फिरवण्याच्या जिवावरच्या उठाठेवीतून चालकांची सुटका करणारा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमधून आला, तो याच केटरिंग यांच्या हातून. लाखो कुटुंबांची घरे या कंपनीच्या पगारावर उभी राहिली. स्विचची खोटी रचना सुधारणारा अभियंताही कंपनीचाच होता. सुधारणा झाली, फक्त ती झाली हे कोणाला कळू नये, अशी व्यवस्था तिच्याभोवती होती. ज्ञान आत होते, आणि त्याचा उच्चार करणे हाच नावाला धोका मानला गेला.

२५/
म्हणूनच या कंपनीचा खरा इतिहास तिच्या जाहिरातींत किंवा वार्षिक अहवालांत सापडत नाही. तो सापडतो तो माणसांना शपथेवर बोलावे लागले तिथे : हेरांवर झालेला खर्च मोजणाऱ्या समितीत, रिबिकॉफ यांच्या सुनावणीत, जॉर्जियातील दाव्याच्या जबान्यांत. विल्सन नेमके काय म्हणाले होते, हेही आज ठाऊक आहे ते त्या बंद खोलीतले इतिवृत्त कोणीतरी शब्दशः उतरवून ठेवले म्हणून. लोकांनी ते वाक्य उलटे लक्षात ठेवले, हा विल्सन यांच्यावर अन्याय होता. आणि तो दूर करता येतो, तो त्याच न गाळलेल्या शब्दांच्या आधारे.